एक म्हणजे किती?

पहाट व्हायला अजून अवकाश आहे. साल सुमारे ११२. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात, एका घराच्या मागच्या खोलीत तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात. हा रोमी साम्राज्याचा बिथिनिया-पोंतस प्रांत. आज तो तुर्कस्तानात आहे. खोलीत दिवा एकच, माणसं पंधरा-वीस. त्यात दोघी गुलाम बायका आहेत, आणि नवल म्हणजे बाकीचे त्यांचा शब्द मानताहेत. गाणं सुरू होतं. अर्धी खोली एक ओळ म्हणते, उरलेली अर्धी पुढची. ग्रीक तुम्हाला येत नाही, पण एक नाव पुन्हा पुन्हा कानावर पडतं: ख्रिस्तोस. गाणं त्याच्याविषयी नाही, त्याला उद्देशून आहे. आरती जशी समोर देव आहे असं धरून म्हणतात, तसं.

उजाडलं की ही माणसं पांगतील. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, कुणाची ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेऊन आपापल्या कामाला लागतील, आणि नंतर जेवायला पुन्हा जमतील. हे आपल्याला कळतं ते त्यांना शिक्षा देणाऱ्या माणसामुळे. प्रांताचा अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारलं की या लोकांचं करायचं काय. त्याची परीक्षा सोपी होती. देवांची नावं घ्या, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य वाहा, ख्रिस्ताला शिव्या द्या आणि घरी जा. तीनदा विचारूनही जो बधला नाही त्याला मृत्युदंड. त्या दोन बायकांचा छळ करून त्याने चौकशी केली. हाती काही कट लागला नाही. लागली ती एक बेसुमार अंधश्रद्धा, असं तो वैतागून कळवतो. आणि जाता जाता नोंदवतो की हे लोक ख्रिस्ताला जणू तो देवच आहे असं मानून गाणी म्हणतात.

सगळा पेच या खोलीत आहे. सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायचा नाही, कारण देव एकच. ही शिकवण त्यांना यहुद्यांकडून आली, आणि तिच्यासाठी ते जीव द्यायला तयार आहेत. पण त्याच तोंडाने ते ऐंशी वर्षांपूर्वी क्रुसावर मारल्या गेलेल्या एका माणसाला प्रार्थना करतात. ‘त्रैक्य’ हा शब्द त्यांना ठाऊक नाही. बायबलमध्येही तो नाही. पूजा सुरू झालेली आहे, तिचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही. त्रैक्याचं तत्त्वज्ञान म्हणजे कुण्या रिकामटेकड्या पंडिताने एकाचे तीन केले, अशी समजूत असेल तर ती या खोलीतच सोडून द्या. तीन आधीच होते: ज्याला येशू बाप म्हणायचा तो देव, स्वतः येशू, आणि आपल्यात वावरतो असं हे लोक ज्याच्याविषयी सांगतात तो आत्मा. एक देवही आधीच होता. प्रश्न होता तो दोन्ही गोष्टी न सोडता जगायचं कसं, हा.

यापुढे भाषेची अडचण तुम्हाला येणार नाही, तेवढी सवलत मी देतो.

साल ३२५, प्रांत तोच, गाव निकिया. सरोवराकाठच्या राजवाड्यात एका लांब दालनात दोन्ही बाजूंना बाकं मांडली आहेत. सुमारे तीनशे बिशप बसले आहेत. कित्येकांच्या अंगावर मागच्या छळाच्या खुणा आहेत. इजिप्तच्या पॅफ्नुतियसचा एक डोळा त्याच काळात काढलेला. अशा माणसांसमोर सम्राट कॉन्स्टंटाइन जांभळ्या-सोनेरी वस्त्रात येतो, आणि बिशपांनी खूण केल्याशिवाय आपल्या आसनावर बसत नाही. भाषण तो लॅटिनमध्ये करतो. दुभाष्या ते ग्रीकमध्ये सांगतो. वादाच्या मुद्द्याची त्याला फारशी पर्वा नाही. वर्षभरापूर्वीच त्याने दोन्ही पक्षांना पत्र लिहून ही कटकट क्षुल्लक असल्याचं सुनावलं होतं. त्याला हवी आहे शांतता.

वाद उभा केला आलेक्झांड्रियातल्या आरियस नावाच्या वयस्क पाळकाने. आपलं मत पसरवायला त्याने खलाशांसाठी, दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी गाणी रचली होती म्हणतात. त्याचं म्हणणं ऐका. देव एक, अजन्मा, अनादि. मग पुत्र अनादि असू शकत नाही. त्याला कधीतरी देवाने निर्माण केलं; सगळ्या सृष्टीच्या आधी, सगळ्यांहून थोर, पण निर्माणच केलं.

तुम्हाला हे पटतं. आपल्यापैकी बहुतेकांना पटेल. एकेश्वरवाद राखायचा तर येशूला एक पायरी खाली उतरवणं हा स्वच्छ मार्ग दिसतो. पण तुमच्या शेजारी बिशप आलेक्झांडरचा एक तरुण डीकन उभा आहे, अथानासियस. पुढे आयुष्यभर तो जो प्रश्न विचारत राहील तो त्या दालनात आताच घुटमळतो आहे: पुत्र जर निर्मिलेला असेल, तर त्याची प्रार्थना करणाऱ्यांना मूर्तिपूजक का म्हणू नये? आरियसचे लोकही ख्रिस्ताची भक्ती करतातच, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देतातच. म्हणजे एक मोठा देव आणि त्याच्या हाताखाली एक छोटा. जुन्या रोमी देवळांत तरी याहून वेगळं काय होतं?

माझ्या मते सगळ्या वादाचा कणा हा आहे, आणि तो बहुधा वाचकांपर्यंत पोहोचतच नाही. निकियात जो पक्ष जिंकला तोही एकेश्वरवादाच्याच नावाने लढत होता. पुत्र ‘पित्याशी एकाच तत्त्वाचा’ हे शब्द मतांगीकारात घातले ते देवांची संख्या वाढू नये म्हणून. एका देवाची पूजा करायची आणि ख्रिस्ताचीही करायची असेल, तर ख्रिस्त त्या एकाच्या बाहेर असून चालणार नव्हतं. ही कसरत वाटेल. पण पहाटेच्या त्या खोलीतली गाणी थांबवायची नसतील, तर दुसरा रस्ता कोणता होता ते मला अजून दिसलेलं नाही.

आरियस आणि लिबियाकडचे दोन बिशप हद्दपार झाले. वाद मिटला नाही. काही वर्षांत आरियसला परत बोलावणं आलं, आणि अथानासियसला आयुष्यात पाचदा परागंदा व्हावं लागलं. पवित्र आत्म्याविषयी निकियाने एक त्रोटक वाक्यांश तेवढा लिहिला होता. तो प्रश्न पुढच्या पिढीवर गेला.

म्हणून आता कॉन्स्टँटिनोपल, ३८० च्या आसपास. इथे तुम्ही सराफाकडे नाणं मोडायला गेलात तर तो जन्मलेला आणि न जन्मलेला यांतला भेद समजावतो. पावाचा भाव विचारलात तर बेकरीवाला सांगतो की पिता थोर आणि पुत्र त्याच्या खालचा. स्नानगृहात पाणी तापलं का म्हणून विचारावं, तर नोकर म्हणतो, पुत्र शून्यातून निर्माण झाला. हे वर्णन न्यिसाच्या ग्रेगरीचं आहे, आणि तो चिडून लिहितो आहे. मला मात्र त्या शहराचा हेवा वाटतो.

त्याच शहरात एका घरातल्या लहानशा प्रार्थनास्थळात, अनास्तासिया त्याचं नाव, दुसरा एक ग्रेगरी व्याख्यानं देतो आहे: नाझियान्झसचा. मागे बसून ऐका. तो सांगतो की या गोष्टीला दृष्टान्त शोधून शोधून आपण थकलो. झरा, ओढा, नदी घेतली. पण त्यात प्रवाह आला, आणि एकच पाणी तीन आकारांत आलं. सूर्य, किरण, प्रकाश घेतले. पण किरण हा सूर्यासारखा स्वतंत्र कुणी नाही. शेवटी सगळे दृष्टान्त टाकून दिले. त्रैक्य समजावताना पाणी-बर्फ-वाफ असं झटकन सांगून मोकळे होणारे पाळक मी ऐकले आहेत. त्यांनी सोळाशे वर्षांपूर्वीचं हे व्याख्यान ऐकायला हवं होतं. पाण्याचा दृष्टान्त देताना आपण मंडळीनेच झिडकारलेलं मत शिकवतो आहोत, हे त्यांच्या गावीही नसतं.

न्यिसाच्या ग्रेगरीला मात्र अब्लाबियस नावाच्या एकाने सरळ गाठलं आहे. पेत्र, याकोब, योहान या तिघांत माणूसपण एकच, तरी आपण तीन माणसं म्हणतो. मग पिता, पुत्र, आत्मा यांचं देवपण एक असलं तरी तीन देव का म्हणू नये? या प्रश्नाला ग्रेगरी दोन उत्तरं देतो. पहिलं असं की खरं तर माणूसपणही एकच आहे, ‘तीन माणसं’ ही आपली बोलण्याची सैल सवय. हे मला पटत नाही, तुम्हालाही पटायचं कारण नाही. दुसरं उत्तर अधिक पक्कं आहे. ‘देव’ हे नाव आपण कृतीवरून देतो. तीन शेतकरी तीन शेतं नांगरतात. त्यांची कामं वेगळी, म्हणून ते तिघे. पण देवाची प्रत्येक कृती पित्यापासून निघते, पुत्रातून येते, आत्म्यात पूर्ण होते. कृती एकच. यातलं काम वाटून दिलेलं नाही, म्हणून देवही वाटला गेलेला नाही.

हे ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे दत्ताची मूर्ती आलेली आहे. मराठी माणसाच्या ती येतेच. पण इथे ती वाट चुकवते. ब्रह्मा घडवतो, विष्णू सांभाळतो, महेश संहार करतो ही कामाची वाटणी आहे, आणि ग्रेगरी नेमकी वाटणीच नाकारतो. बरं, दत्त म्हणजे एकच देव आणि त्याची तीन मुखं असं धरलं, तर तिसऱ्या शतकात साबेलियसच्या नावावर तेच मत होतं: देव एक, कधी पिता म्हणून दिसतो, कधी पुत्र, कधी आत्मा. मंडळीने त्यालाही बाहेर काढलं, कारण मग येशू प्रार्थना करायचा ती कुणाची? स्वतःचीच? म्हणजे तीन देव म्हणायची सोय नाही, एकाची तीन रूपं म्हणायची सोय नाही, आणि एक मोठा, दोन लहान म्हणायचीही नाही. या तीन मनाया सोडल्या तर त्रैक्याच्या सिद्धान्तात ठाम असं फार थोडं शिल्लक राहतं. ३८१ साली याच शहरात भरलेल्या धर्मसभेने आत्म्यालाही पिता-पुत्राबरोबर आराध्य ठरवलं, आणि आजही चर्चमध्ये ज्याला निकियाचा मतांगीकार म्हणतात तो घडला.

आता चारशे वर्षं ओलांडा. इथे आपल्याला जरा निवांत बसायचं आहे.

बगदाद, ७८१ च्या सुमारास. शहर वसून वीसच वर्षं झाली आहेत. गादीवर खलिफा अल्-महदी. समोर पूर्वेकडच्या मंडळीचा प्रमुख, कॅथोलिकोस तिमथी पहिला; निवडून येऊन त्याला वर्ष-दीड वर्ष झालेलं. याची मंडळी पर्शियापासून चीनपर्यंत पसरलेली आहे, आणि तिचा एक जुना धागा आपल्याकडे येतो. सहाव्या शतकातला व्यापारी-प्रवासी कॉस्मस लिहून ठेवतो की कल्लियाना इथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. लोकल पकडायला धावणाऱ्या गर्दीतल्या किती जणांना ते ठाऊक असेल कोण जाणे.

तिमथी रिवाजाप्रमाणे देवाची स्तुती करून थांबतो, आणि खलिफा अचानक बोलतो. एवढा शहाणा माणूस तू, आणि देवाने बायको करून मुलगा जन्माला घातला असं कसं म्हणतोस? तिमथी दचकतो. असलं अभद्र कोण म्हणतं, असं उलट विचारतो. मग ख्रिस्त देवाचा पुत्र नाही का? आहे, पण सूर्यापासून प्रकाश जन्मतो, मनातून शब्द जन्मतो, तसा. खलिफा सोडत नाही. म्हणजे तीन देव झाले. नाही, तिमथी म्हणतो. महाराज, आपण, आपला शब्द आणि आपला आत्मा मिळून तीन खलिफा होतात का? बरं, पुत्राचा जन्म होतो आणि आत्मा नुसता निघतो, असं तुम्ही म्हणता. दोन्हींत फरक काय? सफरचंदातून वास येतो आणि चवही येते. दोन्ही अख्ख्या फळातून येतात, एक या फोडीतून आणि दुसरी त्या फोडीतून नाही, तरी वास म्हणजे चव नव्हे.

दरबारात तुम्ही एका खांबाआड उभे आहात, आणि खलिफाच्या पुढच्या प्रश्नावर तुम्हाला वाटतं, आता सापडला. तिघे जर अविभाज्य, तर पुत्र देहात आला तेव्हा पिता आणि आत्माही आले असणार? तिमथी क्षणभर थांबून दरबारातलंच उदाहरण उचलतो. खलिफाचा हुकूम पपायरसवर लिहिला जातो. तो शब्द कागदाचं वस्त्र ल्यायला असं म्हणता येतं. खलिफाचा जीव कागद ल्यायला असं कुणी म्हणत नाही. तरी शब्द खलिफापासून तुटलेला नसतो.

हुशार उत्तर आहे. ही सगळी हकीकत मुळात तिमथीनेच सुरियानी भाषेतल्या पत्रात लिहिलेली आहे, तेव्हा पारडं कुणाकडे झुकणार हे उघड आहे. तरी खलिफाचे प्रश्न त्याने बोथट केलेले नाहीत, हे त्याच्या प्रामाणिकपणाचं मानायला हवं. आणि मला विचाराल तर इथे खलिफा जितका मानतो त्याहून जास्त जिंकला आहे. माझा शब्द आणि माझा आत्मा मिळून तीन माणसं होत नाहीत हे खरं. पण त्याचं कारण माझा शब्द कुणी वेगळा ‘तो’ नाही. तो माझ्याशी बोलत नाही, माझ्यावर प्रेम करत नाही. ख्रिस्ती धर्मात पुत्र पित्याशी बोलतो. शब्द आणि आत्मा यांचे दृष्टान्त एक-पण जपतात, पण तीन-पण निसटून जातं. नाझियान्झसच्या ग्रेगरीने हे दार का बंद केलं होतं, ते बगदादमध्ये पुन्हा कळतं.

पुढच्या शतकात याच शहरात तत्त्वज्ञ अल्-किंदी हत्यार बदलतो. दृष्टान्त नकोत, तर्क घ्या. तिघांत एक गोष्ट समान आहे आणि प्रत्येकात काही वेगळं आहे, म्हणजे प्रत्येक जण जोडून बनलेला आहे. जे जोडून बनलं त्याला कारण लागतं. ज्याला कारण लागतं ते अनादि नाही. दहाव्या शतकात बगदादचाच ख्रिस्ती तर्कशास्त्री याह्या इब्न अदी त्याला मुद्द्याला मुद्दा उत्तर देत बसतो. त्या खोलीत तुम्हाला नेत नाही. ते सगळं अरिस्टॉटलच्या परिभाषेत चाललेलं आहे आणि दुपार उतरते आहे.

पण निघण्यापूर्वी एक गंमत पाहून घ्या. अल्-महदीचा नातू खलिफा अल्-मामून ८३३ साली फर्मान काढतो: कुराण निर्मिलेलं आहे असं प्रत्येक काझीने कबूल करावं. कारण ईश्वराची वाणी अनादि म्हटली तर ईश्वराबरोबर दुसरंही काही अनादि झालं. आणि जे असं म्हणतात ते ख्रिस्ती लोकांसारखेच वागतात, असंही तो स्पष्ट लिहितो. मरियमचा मुलगा ईश्वराचा शब्द म्हणून निर्मिलेला नाही, असं ते म्हणतात ना, तसं. इमाम अहमद इब्न हनबल यांनी कैद आणि फटके सोसले, पण ते कबूल केलं नाही. पुढे सुन्नी परंपरेत त्यांचाच पक्ष टिकला. म्हणजे देव एक मानला की त्याच्या शब्दाचं काय करायचं, हा त्रास एकट्या ख्रिस्ती धर्माच्या वाट्याला आलेला नाही. दुसऱ्याच्या हिशेबातली चूक काढताना आपली वही उघडी पडते.

मध्ये १५८० साली फत्तेपूर सिक्रीला डोकावून येऊ. अकबराने गोव्याहून मागवून घेतलेले जेझुइट पाद्री आले आहेत: अक्वाविवा, मोन्सेर्राते, एन्रिकेस. बादशहा मरियमच्या चित्रापुढे आदराने उभा राहतो, पाद्र्यांच्या नीतीची तारीफ करतो, आणि त्रैक्यापाशी येऊन अडतो. देवाला पुत्र, आणि तो पुत्र क्रुसावर मेला, हे त्याच्या बुद्धीत बसत नाही. पाद्री थकून गोव्याला परततात. अक्वाविवाचा अंत तिथेच सासष्टीतल्या कुंकळ्ळीला १५८३ साली झाला, पण ती गोष्ट जमिनीची आणि देवळांची आहे, त्रैक्याची नव्हे.

कलकत्ता, १८२१. उकाडा. एका टेबलाभोवती तिघे जण नव्या कराराचं बंगाली भाषांतर करताहेत: राममोहन रॉय आणि बाप्टिस्ट मिशनचे विल्यम येट्स व विल्यम अ‍ॅडम. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर गाडं अडतं. सृष्टी शब्दाने निर्माण केली, की शब्दाच्या द्वारे झाली? एका अव्ययावर पुत्राचा दर्जा टांगलेला आहे. येट्स उठून जातो. अ‍ॅडम मात्र राहतो, विचार करतो, आणि त्रैक्य सोडून देतो. मिशनरी खवळतात, ‘दुसऱ्यांदा पतन पावलेला आदाम’ असं त्याला नाव पडतं. जो हिंदूला ख्रिस्ती करायला आला होता, त्यालाच हिंदूने युनिटेरियन केला, हे कलकत्त्यात पुढे बराच काळ चघळलं जाणार आहे.

राममोहनांचा मुद्दा सरळ होता. त्यांनी आदल्या वर्षी येशूची वचनं निवडून छापली, चमत्कार आणि सिद्धान्त वगळून. श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमनने त्यावर त्यांना विधर्मी ठरवलं. उत्तरादाखल राममोहनांनी एकामागून एक तीन पुस्तिका काढल्या. तिसरी छापायला मिशनच्या छापखान्याने नकार दिला, तेव्हा स्वतःचा छापखाना घातला. १८२३ साली त्यांनी एक छोटं प्रहसनही लिहिलं. पाद्री आपल्या तीन चिनी शिष्यांना विचारतो, देव किती? एक म्हणतो तीन. दुसरा म्हणतो दोन. होते तीन, पण एक कुठेतरी पश्चिमेला मेला ना? तिसरा म्हणतो, एकही नाही. देव एकच असं तुम्ही शिकवलंत, ख्रिस्त तोच असंही शिकवलंत, आणि यहुद्यांनी त्याला अठराशे वर्षांपूर्वी मारला.

हसा, हसण्यासारखंच आहे. अन्यायही थोडा आहे, कारण तिसऱ्या चिन्याच्या चुकीचं उत्तर तिमथीच्या पपायरसमध्ये होतं. पण हसून झाल्यावर जे उरतं ते टोचतं. मिशनरी भर बाजारात उभे राहून तेहतीस कोटींची टर उडवत होते. राममोहन विचारतात, तुमच्या तिघांचा एक होतो तर आमच्या अनेकांचा का होऊ नये? आणि होत नसेल, तर दोघांनीही सोडून द्या. मार्शमनच्या शेकडो पानांत याचं समाधानकारक उत्तर मला दिसत नाही. उत्तर होतं, तेही न्यिसाच्या ग्रेगरीपाशी: आमचं ‘एक’ हे अनेक रूपांच्या मागे दडलेलं नाही, त्या तिघांच्या न वाटलेल्या एकाच कृतीत आहे. पण असं उत्तर द्यायला आधी आपला हिशेब अवघड आहे हे कबूल करावं लागतं, आणि टर उडवणाऱ्याला ते परवडत नाही.

राममोहनांनी स्थापलेल्या ब्राह्म परंपरेतूनच पुढे एक मराठी बाई या वादात येतात. चेल्टनहॅम, इंग्लंड, १८८५. लेडीज कॉलेजमध्ये पंडिता रमाबाई संस्कृत शिकवताहेत आणि इतर विषय स्वतः शिकताहेत. वय सत्तावीस. पती, ब्राह्म समाजाचे बिपिनबिहारी मेधावी, तीन वर्षांपूर्वी वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या आल्या, २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. टेबलावर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनचं पत्र पडलं आहे. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणतात. हाक गोड आहे, पण पत्रांत लढाई चालली आहे.

लढाई त्रैक्यावरून आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात ठरावीक सणांना म्हणायचा एक मतांगीकार आहे. नाव अथानासियसचं, पण त्याने लिहिलेला नाही. पिता देव आहे, पुत्र देव आहे, आत्मा देव आहे. एक म्हणजे दुसरा नव्हे. आणि तरी देव तीन नाहीत, एकच. हे जो मानणार नाही तो नाश पावेल, असंही त्यात बजावलेलं. खुद्द इंग्लंडमध्ये त्या शापांवरून आधीच्या दशकात रान उठलं होतं. रमाबाई विचारतात की हे बायबलमध्ये कुठे आहे. देव एक आहे हे त्या मानतात, ख्रिस्ताची शिकवण मानतात, पण ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून सुटून आलेली मी पुन्हा तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, हा त्यांचा सूर आहे. जेराल्डिनला यात उद्धटपणा दिसतो. प्राचार्य डोरोथिया बील अधिक समजूतदार. या बाईने हा धर्म तत्त्वज्ञान म्हणूनच अभ्यासायला हवा, नुसत्या अधिकारवाणीने तिला तो पटणार नाही, हे त्या ओळखतात.

प्रार्थनापुस्तकातल्या त्या मतांगीकारात तुम्ही स्वतः तर्क लावून पाहा. ‘आहे’ म्हणजे बरोबरचं चिन्ह धरलंत तर खेळ तीन ओळींत संपतो: पिता आणि देव सारखे, पुत्र आणि देव सारखे, म्हणून पिता आणि पुत्र सारखे, पण ते वेगळे म्हटलेत. विसंगती. विसाव्या शतकात पीटर गीच हा तर्कशास्त्रज्ञ म्हणेल की नुसतं ‘तोच’ असं काही नसतं. ‘तोच देव’ आणि ‘तीच व्यक्ती’ हे वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर हो व दुसऱ्याचं नाही असू शकतं. तसं धरलं तर विसंगती उरत नाही. पण जगात दुसरी कुठलीही वस्तू आपण अशी मोजत नाही, हेही खरं. माझं मत असं: त्रैक्य एकेश्वरवादाच्या विरुद्ध आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि त्यात तीन देव दडलेले आहेत हा आरोप ज्यांनी तो सिद्धान्त घडवला त्यांच्या हेतूवर अन्याय आहे. मात्र त्याची किंमत जबर आहे. देवाच्या बाबतीत ‘एक’, ‘तीन’, ‘व्यक्ती’ या शब्दांचा रोजचा अर्थ सोडून द्यावा लागतो. ज्याला ती किंमत मान्य नाही, त्या खलिफाला किंवा राममोहनांना अडाणी म्हणता येत नाही.

रमाबाईंनी ती किंमत १८८५ साली तरी मोजली नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्या अमेरिकेला निघाल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या, तो समारंभ पाहायला. पुढे त्या ठाम ख्रिस्तभक्त झाल्या आणि बायबलचं मराठी भाषांतर करत आयुष्याचा शेवट झाला, ते वेगळं प्रकरण आहे. आपण डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला थांबू. हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवण्यासाठी तिथे रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आहे. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मगुरू. त्यांच्या पंथाचं अस्तित्वच त्रैक्य नाकारण्यावर उभं. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स आहेत, बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे पाळक; त्रैक्य त्यांच्या चर्चच्या पाटीवरच. शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती नसावी ही रमाबाईंची अट दोघांनी मान्य केली आहे. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं ते याच वर्गणीवर.